सोयगावचा सीआरओ

छत्रपती संभाजीनगर,
ज्येष्ठ महिना, टँकरचा दिवस

प्रिय वरद,

अनेक आशीर्वाद. परवा तुझ्या बाबांचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर शंतनूनं हळूच विचारलं, "बाबा, तुम्ही वरदवर रागावलात का?" मी म्हटलं, छे, नातवावर कुणी रागावतं का; मी त्याला पत्रच लिहितो. तो म्हणाला, "पत्र कशाला, मेसेज करा की." पण अंगठ्यानं लिहिलेलं मला माझं वाटतच नाही रे. म्हणून आज टँकर येऊन गेल्यावर, पिंप भरून, खिडकीशी बसलोय. खाली क्रांती चौकाकडं जाणाऱ्या गाड्यांची रांग आहे, वर पंखा नुसता गरम हवा ढवळतोय, आणि माझं मन नेहमीसारखं भलतीकडं भटकतंय. तेव्हा वाचताना घाई करू नकोस. तुमच्या पिढीला शेवट आधी पाहायची सवय असते, तेवढं या वेळी टाळ.

तुझ्या बद्रीआजोबांना, म्हणजे माझ्या बद्रीनाथला, घरी आणलंय. मुकुंदवाडीच्या घरात पुढच्या खोलीत खाट टाकली आहे, म्हणजे स्टेशनवर थांबणारी गाडी ऐकू येते. त्याचा उजवा हात आणि उजवा पाय दुसऱ्या कुणाचे आणून ठेवल्यासारखे अंथरुणावर पडलेले असतात. बोलणं जड झालंय, तरी आवडावहिनींना आणि मला समजतं. मी रोज जातो. चप्पल काढायच्या आत त्याचा प्रश्न येतो, "सापडला का?" म्हणजे तू फोटो पाठवलास तो सीआरओ. त्याची नात श्रेया हिनं तो फोटो मोठा छापून आणला आणि त्याला दिसेल असा समोरच्या भिंतीवर लावला. दिवसभर तो त्याच्याकडं बघत असतो.

सीआरओ म्हणजे काय ते मी तुला दिवाळीत सांगितलं होतं, पण तेव्हा तुझं लक्ष अल्बममध्ये होतं. पुन्हा सांगतो. एक पेटी, तिला गोल काच, आणि काचेवर हिरवी रेघ. तारेतून वीज कशी धावते ते ती रेघ डोळ्यांना दाखवते. कधी डोंगरांच्या ओळीसारखी, कधी करवतीच्या दातांसारखी, कधी चौकोनी. आमच्या कॉलेजात मी वर्गावर शिकवायचो आणि बद्री प्रयोगशाळा सांभाळायचा. मी मुलांना सांगायचो, चौकोनी लाट म्हणजे लघु-गुरू. ज्याला शाळेतल्या कवितेचे गण पाडता येतात त्याला कॉम्प्युटर अवघड नाही. मुलं हसायची. बद्री मागून ओरडायचा, "श्रीधरराव, कविता पुरे! हात कुठं लावायचा नाय ते सांगा पोरांना, नाय तर यमक जुळायच्या आत एखादा चिकटंल."

खंडेनवमीला तो सगळी यंत्रं पुसून ओळीनं मांडायचा. त्याच्या गावी घरात विळे, कोयते आणि पाभर मांडत, तशी आमच्याकडं मीटरं, सिग्नल जनरेटर आणि कॅसेटवरून चालणारा तो पहिला कॉम्प्युटर. त्या कॉम्प्युटरची कॅसेट लावली की पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा आवाज यायचा, आणि मग पडद्यावर एक एक अक्षर उमटायचं. मला त्यात कविता दिसायची, मुलांना चेष्टा. सगळ्यांना फुलं वाहून झाली की बद्री तेलात कुंकू कालवून सीआरओच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात बोट टेकवायचा. वर्षानुवर्षं तेच. शेवटी कुंकवानं तिथला रंग खाल्ला आणि डाग कायमचा बसला. प्राचार्य चिडले, सरकारी वस्तू खराब केली म्हणाले. बद्री शांतपणे म्हणाला, "साहेब, सवाष्ण हाय ती. तिचं कुंकू कसं पुसू?"

मग नवी यंत्रं आली आणि जुन्यांचा लिलाव झाला. नेमके त्याच पंधरवड्यात बद्रीचे वडील गेले. गावाहून डोकं भादरून तो परतला तेव्हा टेबलावर धुळीत सीआरओच्या चार पायांचे ठसे तेवढे होते. ढीग एकगठ्ठा उचलला गेला होता; कुणी, कुठं, काही पत्ता नाही. तेव्हापासून आमचे रविवार जाफर गेटच्या बाजारात गेले. मी जुने कॉम्प्युटर बघत फिरायचो, त्यांच्या कळा दाबायचो, स्वप्नं बघायचो. बद्रीचं काम पक्कं असे. त्याच्या पिशवीत सिरीज बोर्ड असायचा, म्हणजे लाकडी फळीवर एक बल्ब आणि एक प्लग. जुनं यंत्र सरळ विजेला जोडायचं नाही, आधी या बल्बातून जोडायचं. बल्ब भक्कन पेटला तर आत काहीतरी जळालंय. मंद लुकलुकला तर जीव आहे. त्याआधी तो पाठीमागच्या जाळीला नाक लावून वास घ्यायचा. उस्मानभाई भंगारवाला दुरूनच ओरडायचा, "आ गये दोनों मास्टर! चाचा, ये कचरा ले जा के करते क्या तुम? अचार डालते क्या?" बद्री म्हणायचा, "हौ भाई, अचार डालते. एक बरनी तुम्हारे घर भी भेजते."

शहर वाढत गेलं तसा तो बाजारही वाढला, आणि बदलला. कारखाने जुनी यंत्रं काढत, ती इथं येत. बायपासच्या पलीकडं जिथं ज्वारी होती तिथं इमारती उठल्या. ज्या वर्षी नळाला पाणी नव्हतं त्या वर्षीही उठल्या. टँकर आधी बांधकामावर जायचे, मग आमच्या गल्लीत. भंगारवाल्यांनाही उसंत राहिली नाही. यंत्र ठेवून गिऱ्हाइकाची वाट कोण बघतो? हातोडीनं फोडायचं आणि आतलं तांबं काढून घ्यायचं. बद्रीला तो आवाज सोसत नसे. दर रविवारी तो आधी फुटलेल्या काचांच्या ढिगात बघायचा, लाल डाग कुठं दिसतो का, आणि नाही दिसला की सुटल्यासारखा श्वास टाकायचा. म्हणजे आपली अजून कुठंतरी शाबूत आहे. माणूस एवढ्यावरही म्हातारा होऊ शकतो, वरद. आनंदानं होऊ शकतो.

आणि मग यंदाच्या चैत्रात तुझा फोन आला. मी तो जपून ठेवलाय मनात. "आजोबा, माझा मित्र आहे ना, सत्यम, सोयगावचा, त्याच्या जवळच्या वाडीतल्या शाळेत एक जुनाट मशीन पडलंय. फोटो टाकतो. बद्रीआजोबांना नक्की दाखवा हं." फोटोत अंधारी खोली, तांदळाची पोती, खिडकी आणि टेबलावर सीआरओ. मी लगेच रिक्षा करून मुकुंदवाडीला गेलो. बद्रीनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. चष्मा काढून पुसला, पुन्हा मोठा केला. उजव्या वरच्या कोपऱ्यात लाल डाग होता.  मग आत बघून हाक मारली, "आवडे, भाइर ये. सवाष्ण सापडली."

मी म्हटलं, बद्री, ऊन उतरू दे, शाळा उघडू दे, मग जाऊ. तो म्हणाला, "तवर कुणी हातोडी मारली तं?" मी एसटीची वेळ विचारून आलो. शिवाय तो म्हणाला ते तुला कळावं म्हणून लिहितो, "तुमचा नातू लई गुणी हाय श्रीधरराव. आपल्यासारख्या म्हाताऱ्यांसाठी कोन एवढं करतं?" आवडावहिनींनी दशम्या बांधून दिल्या. त्यानं सिरीज बोर्डाचा बल्ब बदलला, आणि इस्त्रीचा शर्ट घातला. मी चेष्टा केली, मुलगी बघायला चाललास का? तो लाजला रे. या वयात लाजला.

एसटीनं सिल्लोड मागं टाकलं आणि अजिंठ्याच्या घाटाकडं वळलो तशी जमीन पांढरी पडत गेली. पुलांखाली नुसते गोटे. मला आपल्या शाळेतल्या साऱ्या कविता आठवायला लागल्या, त्या झऱ्यांच्या, खळाळत्या ओढ्यांच्या, आणि मी खिडकीशी गुणगुणायला लागलो. बद्रीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, "हळू म्हना. इथल्या मानसांनी आयकलं तं खाली उतरवून हानतील." दोघंही हसलो. सोयगावहून काळीपिवळीनं फाट्यापर्यंत गेलो आणि तिथून वाडीपर्यंत चाललो. दुपार झाली होती. मी त्याची पिशवी मागितली, त्यानं दिली नाही.

शाळेला सुट्टी होती. किल्ली सारजाबाईंकडं, त्या शाळेत खिचडी शिजवतात. त्यांनी आधी कुलूप घातलेल्या पिंपातून आम्हाला एक एक फुलपात्र पाणी दिलं, म्हणाल्या, "आदी पानी प्या, मंग काय भांडायचं ते भांडा." यंत्राचं ऐकून त्या तोंडाला पदर लावून हसल्या. "कसलं यंत्र बाबा? तांदूळ हाय, डाळ हाय, उंदरं हायेत. बगा, खोल्या उघड्याच करते." बद्रीनं फोन हातात धरून खोली ताडून पाहिली. तीच खिडकी, तीच पोती, तेच टेबल. टेबल रिकामं. त्यानं टेबलाखालीही वाकून बघितलं. "म्हंजे इथंच व्हती," तो म्हणाला, "कालपरवा नेली. ताई, खरं सांगा, टेम्पो आलता का?" सारजाबाई म्हणाल्या, "अवो, ह्या वाडीला पान्याचा टँकर येईना, टेम्पो कुठला येतोय?" मी टेबलाकडं बघत होतो. धूळ सगळीकडं सारखी होती. पायांचे ठसे नव्हते. बद्रीनं ते पाहिलं नाही, आणि मी दाखवलं नाही.

बाहेर फाटकाशी एक तरुण मोटरसायकलवर बसून फोन समोर धरून होता. "काय बाबा, रेडिओ सापडला का?" बद्री आशेनं पुढं गेला, "पोरा, तू सत्यम का? वरदचा मैतर?" तो म्हणाला, "नाय बा, मी आपला असाच." आणि मग, "भंगार न्यायला आलाव का भंगारात जमा व्हायला?" आम्ही चालायला लागलो. मोटरसायकल मागून हळूहळू येत राहिली, पावलाला पाऊल लावून. मला वाटलं, बिचारा म्हाताऱ्यांना सोबत करतोय. फाटा दिसायला लागला होता, तेव्हा बद्री एकदम थांबला, हातातून गळालेल्या पिशवीकडं बघितलं आणि रस्त्यातच खाली बसला. मी वळून त्या पोराला हाक मारेपर्यंत त्यानं गाडी फिरवली होती. धुरळा तेवढा राहिला. मी टोपीनं बद्रीच्या तोंडावर सावली धरून उभा होतो. तो मला काहीतरी सांगत होता आणि त्याचं तोंड एकीकडं ओघळत होतं. शेवटी दुधाच्या गाडीवाल्यानं आम्हाला उचललं. मोकळ्या कॅनांमध्ये त्याचं डोकं मांडीवर घेऊन मी सोयगावला आलो. तिथून शहरात.

दवाखान्यात तू ॲपवरून पाठवलेली फळांची टोपली पोचली. "लवकर बरे व्हा" असं छापलेलं कार्ड होतं. आवडावहिनींनी फळं सगळ्या वॉर्डात वाटली, कुणी पाठवली ते सांगत सांगत. कार्ड आता घरी फोटोशेजारी आहे.

त्याच आठवड्यात स्वराली भेटायला आली. तुझी बहीण निष्पाप आहे, तिला बोलू नकोस. ती बाकावर माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही फेमस झालात! दादानं रील केलंय." मी बघितलं. वर मोठ्या अक्षरांत "खजिन्याच्या शोधात". सगळं त्या मोटरसायकलवाल्या पोराच्या फोनातलं: ढोलकीवर दोन म्हातारे शाळेत शिरतात, सारजाबाई हसतात, खिडकीतून टिपलेला बद्री रिकाम्या टेबलाखाली वाकून बघतो. त्याचं टेबलाखाली वाकणं तू पुन्हा पुन्हा दाखवलंस. मग रस्ता. मग बद्री खाली बसतो, आणि त्यावर गर्दीचं खदाखदा हसणं, आणि अक्षरं येतात, "आजोबा रुसले". तो रुसला नव्हता वरद. त्याचा उजवा पाय त्याला सोडून गेला होता. तुझं काम मात्र सुबक आहे. हसण्याचा आवाज बरोब्बर तो टेकतो त्या क्षणावर येतो, तसूभर मागंपुढं नाही. त्यासाठी तुला तो क्षण किती वेळा बघावा लागला असेल! आमच्या प्रयोगशाळेत तुला पैकीच्या पैकी मिळाले असते. खाली लोकांनी बरंच लिहिलं होतं. "दोघांनाही किलोवर घाला" हे एक मला आठवतं, कारण स्वरालीनं तेवढ्यावर हात ठेवायचा प्रयत्न केला.

घरी येऊन मी अल्बम काढला. खंडेनवमीचा फोटो कोपऱ्यांतून सुटलेला, तिरका खोचलेला. दिवाळीत तू तो अल्बम मांडीवर घेऊन फोनमध्ये फोटो काढत होतास. मी शेजारी बसून एकेका यंत्राचं नाव सांगत होतो आणि मनात म्हणत होतो, चला, घराण्यात एकाला तरी ओढ लागली. झेंडूची फुलं तू छान कापून टाकलीस. सत्यमनं पाठवलेल्या रिकाम्या खोलीच्या फोटोत यंत्र नीट बसवलंस, सावलीसुद्धा पाडलीस. डाग मात्र राहिला. तुला तो जुन्या फोटोचा डाग वाटला असेल. तू दुसरं कुठलंही यंत्र उचललं असतंस, तर बद्री म्हणाला असता, "बघू, पाऊस पडल्यावर." त्या उन्हात तो फक्त एकीसाठी निघाला असता, आणि तू नेमकी तीच निवडलीस. न बघता.

स्वराली म्हणाली की तू ते रील काढून टाकलंस. शंतनू म्हणाला की तुला माहीत नव्हतं, नाही तर तू लावलंच नसतंस. मी मान्य करतो. मला वाद घालायचा नाही.

मी बद्रीला यातलं काहीच सांगितलेलं नाही. आधी सांगितलं, यंत्र तालुक्याला नेलंय. मग सांगितलं, कुणा गुरुजींनी हौसेनं घरी ठेवलंय. पण त्यानं आयुष्यभर बिघाड शोधलेत. माझी गोष्टही तो तशीच तपासतो, या टोकाला वीज आहे का, त्या टोकाला आहे का. कोणते गुरुजी, काच शाबूत आहे का, चालू करून बघितली का, बल्बातून जोडली ना? मी अडखळतो. यमकं जुळवणारा माणूस मी, मला खोटंसुद्धा गोलगोल येतं. गेल्या आठवड्यापासून तो दोन चमचे पेजेपलीकडं काही घेत नाही. डॉक्टरांनी आवडावहिनींना बाजूला नेऊन जे सांगायचं ते सांगितलंय. काल त्यानं डोळे मिटले आणि एक एक शब्द ओढत मला म्हणाला, "श्रीधरराव, तुमच्याच्यानं व्हईना. वरदला बोलवा. त्यो खोटं बोलायचा नाय."

म्हणून हे पत्र. शनिवारी ये. माफी मागायला येऊ नकोस. माफी मागितलीस तर तुझं ओझं उतरेल आणि त्याची सवाष्ण दुसऱ्यांदा लिलावात जाईल. तू त्याला सांगायचं आहेस की ती तुला सापडली, आणि पुण्याला तुझ्या टेबलावर आहे. चालू केल्यावर रेघ लगेच येत नाही, चहा उकळून गाळेपर्यंत थांबावं लागतं. येते तेव्हा डावीकडं किंचित झुकलेली असते. रेघ बारीक करायचं बटण मूळचं नाही, तपकिरी आहे, त्यानं एका रेडिओचं काढून बसवलेलं, आणि ते उलटं फिरतं. त्यावर तो तुला हमखास पकडेल, तेव्हा हे पाठ करून ये. रडू नकोस. सावकाश सांग, तो मध्येच डोळे मिटेल, तरी सांगत राहा. मी तिथंच कोपऱ्यात बसलेला असेन आणि एक शब्दही बोलणार नाही, तेव्हाही नाही आणि पुढं कधीही नाही. आवडावहिनी तुला वाढतील, पोटभर जेव. निघताना वाकून नमस्कार कर. बद्री उजवा हात उचलायचा प्रयत्न करील, तो उचलणार नाही. मग डावा हात पुढं करून, डाव्या हातानं आशीर्वाद देतोय म्हणून तोच तुझी माफी मागेल, आणि तुझ्या डोक्यावर ठेवील. तो काढून घेईपर्यंत हलू नकोस.

तुझाच,
आजोबा